राखीव पिल्लं

सोमवार, १२ तारीख
दुपार

मने,

आठ वर्षांनी पत्र लिहिताना सुरुवात कशी करावी याचा विचार करत बसले, तर पोरं झोपेतून उठतील आणि पत्र राहून जाईल. शिवाय ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुझी लेक आज सकाळी माझ्याकडे आली.

तुला ते माहीतच आहे म्हणा, सही तुझीच आहे. शाळेच्या सरांनी बसमधून उतरल्या उतरल्या बत्तीस संमतीपत्रांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. मी चष्मा लावून एकेक बघत होते. कोणाला दमा आहे, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाच्या आईला लेकरू दिवसातून तीनदा फोनवर हवं आहे. एकोणिसाव्या कागदावर तुझं अक्षर निघालं. तुझा 'र' अजून तसाच आहे, पाय दुमडून बसल्यासारखा. 'इतर सूचना' या रकान्यात तू लिहिलं आहेस, 'दूध पिते, साय चालत नाही. तिला काही सांगू नये.'

सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. काय सांगू नये म्हणे हिला? मी म्हटलं, असतील घरच्या गोष्टी, तुम्ही आधी त्या बादलीतून पाय काढा. त्यांचा पाय खरंच बादलीत होता. नवीन आहेत, कोंबड्यांना घाबरतात, आणि घाबरतो हे मुलांना कळू नये म्हणून मोठ्याने बोलतात.

तर काही सांगू नये, म्हणजे मी तिची आजी आहे हे सांगू नये. कळलं. सांगणार नाही. सगळ्या शाळा सोडून तिच्या शाळेला आमचंच शेत सापडलं, यात तुझा काही हात आहे की शाळेने परस्पर ठरवलं, हे मला कळायला मार्ग नाही. तू फॉर्म फाडून टाकू शकली असतीस. फाडला नाहीस. मी सकाळपासून एवढ्याच गोष्टीवर इकडून तिकडे फिरते आहे.

नावं आम्ही अजूनही फाटकाबाहेरच ठेवतो. तुझ्या बाबांनी केलेल्या त्याच लाकडी पाट्या आहेत, दोऱ्यात ओवलेल्या. झारी, शिडी, बादली, फावडं, टोपली. जी पाटी गळ्यात पडेल ते सहा दिवसांचं नाव. बरं आहे, मुख्याध्यापकांची मुलगी आणि शिपायाचा मुलगा दोघंही बादलीच्या बरोबरीचे होतात. आज पाट्यांवर झुंबड उडाली. तुझी लेक मागे उभी राहिली आणि जी उरली ती तिने घेतली. 'काटा' उरला होता. वजनाचा काटा कोणालाच व्हायचं नसतं. तिने पाटी उलटसुलट करून बघितली आणि मला विचारलं, "म्हणजे वजनं मी करायची?"

मी हो म्हटलं.  मला शेवटची दिसली तेव्हा ती तुझ्या कडेवर होती, एका पायात मोजा होता आणि दुसरा कुठे पडला ते कोणालाच माहीत नव्हतं. आता माझ्या छातीला लागते.

मला सगळे अजून मुकादमच म्हणतात. तीही आता तेच म्हणते. पत्ता फॉर्मवर आहे, पण हे पाठवेन की नाही ते माहीत नाही.

आई


मंगळवार, १३ तारीख
दुपार

मने,

आज तुझ्या लेकीने अर्धा दिवस खुराडी साफ केली आणि अर्धा दिवस माझ्यावर लक्ष ठेवलं. मी तिच्यावर ठेवत होते, त्यामुळे आम्ही दोघी सारख्या एकमेकींच्या नजरेत येत होतो.

काम तेच, तुला पाठ असलेलं. सकाळी राबायचं, दुपारी वही. या तुकडीने एका दिवसात टोमॅटोच्या चार ओळींना काठ्या बांधल्या, गुरांचं टाकं घासलं आणि कुंपणाची पडलेली बाजू उभी केली. कुंपण सरांनी धरलं होतं. मग ते जिथे धरलं होतं तिथे परत पडलं, पण ते असो.

पिल्लांची योजना मात्र तुझ्या वेळची नाही. उबवणीचं यंत्र घेतलं आहे. तुकडी यायच्या दिवशी अंडी फुटतील असा हिशोब धरून अंडी ठेवायची. दोघांत एक पिल्लू, पायाला रंगीत दोरा. आणि या वर्षीपासून रोज आठ वाजता वजन करायचं, वहीत मांडायचं आणि शेवटच्या दुपारी त्याचा आलेख काढायचा. काटाची जोडी झारीबरोबर आहे. ही झारी म्हणजे गोबऱ्या गालांची, अखंड बोलणारी मुलगी. तिचं तोंड एकदा सुरू झालं की बंद करायचा नळ नाही. त्यांच्या पिल्लाला निळा दोरा आहे. काल एकोणचाळीस ग्रॅम, आज चाळीस.

तुझी लेक वजन कशी करते ते सांगते. आधी रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणते. मग पिल्लू ठेवते, आकडा थांबेपर्यंत श्वास रोखते, वाचते, पिल्लू उचलते, परत ठेवते, परत वाचते. दुसऱ्या काट्यावर बाकीच्यांची बारा पिल्लं होतात तोवर हिची चार. मुलं कुरकुरतात. ती एका पायावर उभी राहते, दुसरा पाय गुडघ्याला टेकवून, आणि कोणाचंही ऐकत नाही. एका पायावर उभी राहून विचार करणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं होतं, आणि ते माझ्याशी बोलत नाही.

जेवताना मला विचारते, मुकादम, तुम्हाला मुलं आहेत का? एक मुलगी आहे, म्हटलं, लांब असते. तिला पण पाटी होती? होती, शिडी. मग ती इथेच का नाही राहिली? मी म्हटलं, शिडीवर चढून गेली. झारीला फार हसू आलं. काटाला नाही आलं.

का नाही राहिली, याचं तुझं उत्तर मला माहीत आहे. तुझी खोली सरांना, तुझी सायकल पाहुण्या मुलांना, तुझा वाढदिवस कायम तुकडीच्या गडबडीत. हे घर नाही, धर्मशाळा आहे, असं तू म्हणायचीस. मी म्हणायचे, धर्मशाळेत फुकट राहतेस ना, मग भांडी घास. तेव्हा मला ते विनोदी वाटायचं.

आणि शेवटी बाबांचं जाणं. त्यावर आपलं एकदाच बोलणं झालं, तेही फाटकात उभं राहून. मी तेव्हा सांगितलं तेच आज सांगते. डॉक्टर म्हणाले होते की चार दिवसांत घरी सोडतो. माझ्याकडे चाळीस मुलांची तुकडी होती. म्हणून मी तुला फोनवर म्हटलं की घाई करू नकोस. जे डॉक्टरांना कळलं नाही ते मला कसं कळणार होतं?

पोरं उठली. झारीचा आवाज येतो आहे.

आई


गुरुवार, १५ तारीख
सकाळ, सात

मने,

निळ्या दोऱ्याचं पिल्लू गेलं.

कालच त्याचं वजन घटलं होतं, अडतीस. संध्याकाळी मी पिल्लांच्या पेटीत डोकावले तर ते कोपऱ्यात बसलं होतं आणि मान धरत नव्हतं. अशी पिल्लं मी शेकड्यांनी पाहिली आहेत, सकाळ बघत नाहीत. तुझी लेक तेव्हा दहा पावलांवर हात धूत होती. मी पेटीचं झाकण लावलं आणि सगळ्यांना जेवायला हाकललं. आज सहाला उघडलं तर गेलेलं.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. मागच्या पत्र्याच्या खोलीत मी राखीव पिल्लं ठेवते, दोन दिवस आधी फुटलेली आठ-दहा. मेलेल्याच्या पायाचा दोरा सोडायचा, राखीवातल्या एकाच्या पायाला बांधायचा आणि मुलं यायच्या आत पेटीत सोडायचं. मुलं सहा दिवसांसाठी येतात. हसत यावीत, हसत जावीत. रडकं पोर घरी गेलं की आई शाळेत फोन करते, शाळा मला करते, आणि पुढच्या वर्षी दुसरं शेत शोधते. आधी ससे, आता पिल्लं, सव्वीस वर्षांत असा बदल एकाही मुलाला कळलेला नाही.

तुलाही कळलं नव्हतं. तुझा तो पांढरा ससा, जो तू सहा वर्षांची असल्यापासून बारा वर्षांची होईपर्यंत होता, ते तीन ससे होते. दुसऱ्याचा कान जरा काळपट होता, म्हणून मी तुला सांगितलं की कोळशात लोळलाय. तू तो कान आठवडाभर साबणाने धूत होतीस. बाबा म्हणाले होते, अगं, सांग तिला. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तिला झोप लागायची नाही.

आता आठ वाजता वजनं आहेत. दोरा बांधून झाला. गाठ तशीच मारली आहे, दुहेरी.

आई


गुरुवार
दुपार

मने,

तिने पकडलं.

चोपन्न ग्रॅम. काटाने पिल्लू उचललं, काटा शून्यावर आणला, परत ठेवलं. चोपन्न. मग वही उघडली आणि एका पायावर उभी राहिली. बाकीच्यांची पिल्लं दिवसाला तीन-चार ग्रॅमने चढतात. हिचं एका रात्रीत सोळाने चढलं होतं. घाईत मी राखीवातलं सगळ्यात गुटगुटीत पिल्लू उचललं होतं. सव्वीस वर्षं फक्त रंग जुळवत आले. वजन करणारी तुकडीच या वर्षी पहिली.

"हे आमचं पिल्लू नाही," ती म्हणाली.

एकतीस मुलं आणि एक सर माझ्याकडे बघायला लागले. झारीने दोरा दाखवला, हा काय निळा, आपलंच आहे. काटा म्हणाली, दोरा आमचा आहे, पिल्लू नाही. आणि थेट माझ्याकडे वळून तिने विचारलं की असं होऊ शकतं का.

मी हसले. मला ते हसू अजून तोंडावर चिकटल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, बाळ, काल तू आकडा चुकीचा वाचला असशील. ती म्हणाली, मी तीनदा वाचला होता. मी म्हटलं, मग तिन्ही वेळा चुकला. सगळे हसले. सरही हसले, त्यांना निदान एकदा तरी दुसऱ्या कोणावर हसायला मिळालं. तिचे कान लाल झाले. तिने पुढचं पिल्लू वाटीत ठेवलं.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं. खरंच वाटलं, तुझ्यापासून लपवत नाही.

मघाशी सगळे झोपले होते तेव्हा मी फावडी मोजायला अवजारांच्या खोलीकडे गेले. पायरीवर ती बसली होती. मांडीवर वही, हातात खोडरबर. सोमवार, मंगळवार आणि बुधवारचे आकडे खोडत होती. कागद फाटू नये म्हणून डाव्या हाताच्या बोटांनी ताणून धरला होता. खोडून झाल्यावर तिने फुंकर मारली आणि नवीन आकडे लिहिले. मी मागून वाचले. पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, एक्कावन्न. म्हणजे आजच्या चोपन्नला नीट जोडले जातील असे, दर दिवशी तीनने चढते. माझ्या थापेत जी भोकं होती ती तिने बसून बुजवली. इतकी हुशार आहे ती, आणि ती हुशारी मी या कामाला लावली.

मी पुढे झाले नाही. तिथूनच परत फिरले.

आता खोलीत बसून लिहिते आहे आणि स्वतःला समजावते आहे की दोनच दिवस उरलेत. शनिवारी बस जाईल. कबूल केलं तर ती घरी येऊन तुला पहिली गोष्ट हीच सांगेल की तिथल्या मुकादम खोटं बोलतात. मग तू काय करशील ते सांगायला ज्योतिषी नको. गप्प राहिले तर ती हसत घरी येईल, पुढच्या वर्षी तू परत सही करशील, आणि कधीतरी फॉर्मवरची ती ओळ लिहायची विसरशील. मला तेवढंच हवंय गं. ती पुन्हा यावी.

आणि बदल्यात काय जाणार? तिला आयुष्यभर वाटेल की तिला काटा वाचता येत नाही.

आई


शुक्रवार, १६ तारीख
संध्याकाळ

मने,

सकाळी आठ वाजता मी सगळ्यांना पेटीभोवती उभं केलं. काटाच्या शेजारी उभी राहिले आणि सांगून टाकलं. तिचे आकडे बरोबर होते. निळ्या दोऱ्याचं पिल्लू गुरुवारी सकाळी मेलं होतं. हे राखीवातलं आहे, दोरा मी बदलला. आणि काल सगळ्यांसमोर मी तिला चुकीचं ठरवलं तेव्हा मला माहीत होतं की ती बरोबर आहे.

सर जमिनीकडे बघायला लागले. झारी मुसमुसायला लागली, मग बादली, मग दोन टोपल्या. बघ, हेच मला सव्वीस वर्षं नको होतं. पण त्यातून कोणी मेलं नाही. दहा मिनिटं रडली आणि मग प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. कुठे ठेवलंत, डोळे मिटलेले होते का, दुसरी पिल्लं त्याला घाबरली का, आमचं पण बदललेलं आहे का. प्रत्येकाचं उत्तर दिलं. बाकी एकही बदललेलं नाही हे मला तीनदा शपथेवर सांगावं लागलं. खोटं बोलणाऱ्याला शपथही तीनदा घ्यायला लावतात, हे मला नवीन कळलं.

काटा रडली नाही. सगळे पांगल्यावर तिने वही माझ्यापुढे धरली आणि विचारलं की आता परत खोडू का. मी म्हटलं, तुला कालच माहीत होतं ना की तुझे आकडे बरोबर आहेत? हो म्हणाली. मग खोडलेस कशाला?

"तुम्ही मोठ्या आहात म्हणून."

मने, मी अवजारांच्या खोलीच्या त्या पायरीवर बसले.  तीही शेजारी बसली. मग तिने अगदी हिशोबाने विचारायला सुरुवात केली. पिल्लू आजारी आहे हे मला कधी कळलं? मी म्हटलं, बुधवारी संध्याकाळी. म्हणजे मी हात धूत होते तेव्हा? हो, तेव्हाच. ते वाचणार नाही हे पण तेव्हाच कळलं होतं? हो.

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलं? मी बसले असते ना त्याच्याजवळ."

हे वाक्य तू बोलली होतीस, फाटकात, हिला कडेवर घेऊन. मी बसले असते ना त्यांच्याजवळ. तुझ्याकडून हिने ऐकलेलं असणं शक्य नाही. तुम्हा दोघींना ते आपापलं सुचलं.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे, पण पिल्लू कुठे पुरलं ते दाखवा. दाखवलं. तिथे ती थोडा वेळ उकिडवी बसली आणि मग काम आहे म्हणून उठून गेली.

दुपारच्या वहीच्या तासाला सरांनी फळ्यावर आलेख काढायला घेतला. सर घाबरट असतील, पण शिकवतात चांगलं. निळ्या दोऱ्याचं काय करायचं यावर मुलांनी अर्धा तास वाद घातला. कोणी म्हणालं, मेलेलं धरायचं नाही, सरासरी बिघडते. काटा म्हणाली, जेवढे दिवस होतं तेवढं धरायचं. शेवटी तिचंच मान्य झालं. निळी रेघ एकोणचाळीस, चाळीस, अडतीस अशी जाते आणि बुधवारी थांबते. नव्या पिल्लाला पिवळा दोरा दिला आणि त्याची रेघ गुरुवारपासून वेगळी सुरू केली. झारीने फळ्यावर थांबलेल्या रेघेपुढे फूल काढलं. सरांनी ते पुसलं नाही.

राखीव पिल्लं मी मुलांच्या ताब्यात दिली आहेत. ती आता राखीव नाहीत, नुसती पिल्लं आहेत.

आई


शनिवार, १७ तारीख
सकाळ

मने,

बस दहाला निघते. खाली सामान बांधणं चाललंय. ही पाच पत्रं आणि हे सहावं एका पाकिटात घालून मी काटाजवळ देणार आहे. आईला दे, उघडू नकोस, एवढंच सांगेन. ती उघडणार नाही हे तुला मला दोघींना माहीत आहे.

मंगळवारच्या पत्रात मी बाबांबद्दल जे लिहिलं ते खोटं आहे. फाटकात उभं राहून सांगितलं तेही खोटं होतं. ते पत्र मी फाडणार होते. मग म्हटलं, खोडरबर आता पुरे. असू दे, तुला दिसू दे मी कशी लिहिते ते.

डॉक्टरांनी मला सोमवारी सकाळीच सांगितलं होतं, दवाखान्याच्या जिन्यात. दोन दिवस, फार तर तीन. मुलीला बोलावून घ्या, असंही म्हणाले. मी हो म्हटलं. तुकडीला मी त्याच दुपारी घरी पाठवून दिलं, सगळीच्या सगळी. चाळीस मुलांचं कारण मी तुला आठ वर्षं देत आले, पण त्या आठवड्यात इथे माझ्याकडे एकही मूल नव्हतं. रिकाम्या शेतावरून मी तुला फोन केला आणि म्हटलं, साधा ताप आहे, उतरेल, तान्ह्या पोरीला घेऊन एवढा प्रवास नको. तू दोनदा विचारलंस, नक्की ना? मी दोनदा नक्की म्हटलं.

का, ते मी स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. काल पायरीवर बसले तेव्हा कळलं. तुला बोलावलं असतं तर ते खरं झालं असतं. तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस की बाबा जाणार. तू नाही आलीस तर अजून वेळ आहे. असं सगळं माझ्या डोक्यात होतं. साठीच्या बाईचं डोकं, आणि त्यात हे.

तुला वाटतं की मी तुझ्या बाबांपेक्षा तुकडीला मोठं मानलं. त्यावर तू रागावलीस आणि तो राग आता थोडा निवला असावा, नाहीतर ही इथे आली नसती. हे वाचून तो परत पेटेल. पेटू दे. पुढच्या वर्षी ही येणार नाही, कदाचित कधीच येणार नाही. हे समजून मी लिहिते आहे. काल दुपारपासून तिला जरा जास्तच बघून ठेवलं आहे. कपाळावर डाव्या बाजूला छोटी खूण आहे, कुठे पडली होती ते मला माहीत नाही. दूध पिताना नाक बुडवते. साय मी स्वतः काढत होते, सहाही दिवस.

तिला माझ्याबद्दल सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी दिलेला शब्द पाळला आहे. पण कधी सांगितलंसच, तर आजी तेव्हा कामात होती असं नको सांगूस. घाबरली होती असं सांग. तिला कळेल ते.

आणि आता शेवटचं, जे फक्त मला माहीत आहे आणि माझ्याबरोबर जाता कामा नये.

बाबांनी तुझ्याबद्दल विचारलं होतं. मंगळवारी सकाळी शुद्धीत आले आणि म्हणाले, मनीला कळवलंस का? मी म्हटलं, निघाली आहे. त्यांनी मला खाट वळवायला लावली, दार दिसेल अशी. मी आणि परिचारिकेने मिळून वळवली. दुपारी विचारलं, कुठपर्यंत आली असेल? मी म्हटलं, घाट उतरली असेल. मग तासातासाने विचारायचे आणि मी तासातासाने तुला पुढे आणायचे. घाट झाला, तो मोठा धाबा झाला, रेल्वेचं फाटक झालं. फाटक बंद असेल गं, तिथे नेहमी वेळ जातो, असं तेच म्हणायचे आणि मला सांभाळून घ्यायचे. बुधवारी सकाळी त्यांचा आवाज फार खाली गेला होता. मी कान तोंडाजवळ नेला. म्हणाले, कुठे पोचली? मी म्हटलं, आपल्या पुलावर आली आहे.

"मग आलीच," ते म्हणाले, आणि दाराकडे बघत राहिले.

आई